लघुरूप उलगडता आले पाहिजे

मुरुड, हर्णै, आंजर्ले या पट्ट्यातले जुने मोडी कागद ज्यांनी चाळले आहेत, त्यांना ‘ता॥’ हे लघुरूप ओळखीचे असेल. पुढे सुवर्णदुर्ग आले की ते ‘तालुके’, पुढे आकडा आला की ‘तारीख’. दोन दंड दिसले की शब्द इथे तोडला आहे हे कळते आणि शेजारचा शब्द तो पुरा करून देतो. कारकुनाचे श्रम वाचले, पण वाचणारा अडला नाही.

स्वतःची लिस्प-बोली रचणाऱ्या आपल्या वाचकांनी हीच कसोटी लावावी. लघुरूपाची खूण डोळ्यांना दिसावी आणि ते कुठे संपते याबद्दल शंका नसावी.

अवतरणाची खूण या कसोटीला पुरेपूर उतरते. '(अ ब) म्हणजे (कोट (अ ब)), दुसरे काही नाही. क्लोजर या लिस्प-बोलीतले #(* % %) हे (एफएन [क्ष] (* क्ष क्ष)) चे लघुरूपही एका ओळीपुरते छान आहे. मात्र एकात दुसरे घातले तर % नेमका कोणाचा? क्लोजर अशी रचना सरळ नाकारते, आणि ते योग्यच आहे. कंस दोन ओळींवर गेला की आर्गुमेंटला नाव द्यावे, असा माझा आग्रह आहे.

कंस कमी करायचा मोह जुनाच. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांच्या १९६० च्या लेखात फंक्शने चौकटी कंस आणि अर्धविराम वापरून, एम-एक्स्प्रेशनच्या रूपात लिहिलेली आहेत. प्रोग्रामर मात्र साध्या कंसांच्या एस-एक्स्प्रेशनमध्येच रमले, कारण तिथे प्रोग्राम आणि डेटा यांचे रूप एकच राहते आणि मॅक्रो लिहिणे सोपे होते. म्हणून सगळे व्याकरण बदलणाऱ्या ‘सोयी’ मला नकोशा वाटतात. त्यापेक्षा बाण बरा: (ग (फ क्ष)) ऐवजी (-> क्ष फ ग). हा साधा मॅक्रो आहे, कोड वाचणाऱ्या रीडरला हात लावावा लागत नाही आणि कामाचा क्रम डावीकडून उजवीकडे वाचता येतो.

कॉमन लिस्पमध्ये कोणालाही रीडर-मॅक्रो घडवता येतो. एकट्याच्या कामात ती मोठी ताकद आहे. चौघांच्या कोडमध्ये मात्र प्रत्येकाची खूण वेगळी झाली, तर नव्या माणसाने फाइल वाचायची कशी? म्हणून आपल्या बोलीच्या पहिल्या आवृत्तीत कोट, बॅककोट आणि बाण एवढेच ठेवा. लहान फंक्शनचे लघुरूप घेतलेच, तर रेपलमध्ये त्याचा उलगडा मागता येईल अशी सोय त्याच दिवशी करा, आणि त्या उलगड्यात यंत्राने जोडलेल्या लांबलचक नावाऐवजी माणसाला वाचता येईल असे नाव छापा.