परीक्षेतून येतात, निवडीत गळतात

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेविषयी अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीशांत महिला ३६ टक्के होत्या. उच्च न्यायालयांत हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आणि खुद्द सर्वोच्च न्यायालयात ९ टक्के. कायद्याचे शिक्षण तेच, वकिलीची सनद तीच. मग वर जाताना महिला गळतात कुठे? दिवाणी न्यायाधीशाची भरती स्पर्धा परीक्षेने होते. जाहिरात निघते, गुण लागतात, निवड यादी सगळ्यांना दिसते. उच्च न्यायालयासाठी मात्र अर्जच करता येत नाही. ज्येष्ठ न्यायाधीशांच्या न्यायवृंदाला वकिलांतून आणि जिल्हा न्यायाधीशांतून नावे 'सुचावी' लागतात, आणि माणसाला आपल्या ओळखीतलीच नावे आधी सुचतात. जातीचे चित्रही याहून निराळे नाही. २०१८ ते जुलै २०२४ या काळात नेमलेल्या उच्च न्यायालयांच्या ६६१ न्यायाधीशांपैकी २१ अनुसूचित जातींचे आणि १२ अनुसूचित जमातींचे होते, असे सरकारने संसदेत सांगितले. खुल्या प्रवर्गातले ४९९.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे गुणवत्ता. न्यायाधीशाला जात नसते, लिंग नसते, त्याच्यापुढे फक्त कायदा असतो, हे तत्त्व म्हणून मान्यच आहे. पण मथुरा खटला आठवा. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. त्या न्यायालयात तोवर एकही महिला न्यायाधीश झाली नव्हती. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अर्थात, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाआधी भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून त्याच पोलिसांना दोषी धरणाऱ्या उच्च न्यायालयाच्या पीठावरही पुरुषच होते. पुरुषाला दिसतच नाही, असा दावा कोणी करू नये. पीठावर महिला असती तर निकाल फिरलाच असता, असेही म्हणता येणार नाही. मुद्दा एवढाच की ठाण्यात रात्री एकट्या सापडलेल्या मुलीने काय करायला हवे होते, याचा अंदाज बांधताना न्यायाधीश कायद्याच्या पुस्तकाबाहेरचे बरेच काही वापरतो. आणि ते सगळ्यांनी एकाच घडणीच्या आयुष्यातून आणलेले असेल, तर चूक दाखवायला शेजारी कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वरिष्ठ वकिलांतच महिला आणि दलित कमी, तर नेमायचे कोणाला? थोडा धीर धरा, खालून येणारी पिढी वर पोहोचेल. पण महिलांना वकिलीचा हक्क देणारा कायदा १९२३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला, न्या. फातिमा बीवी, आली १९८९ मध्ये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिघींचा एकाच दिवशी शपथविधी झाला तेव्हा केवढे कौतुक झाले. २०२५ मध्ये न्या. बेला त्रिवेदी निवृत्त झाल्या आणि ३४ जागांच्या न्यायालयात न्या. नागरत्ना एकट्या उरल्या. ज्येष्ठताक्रम पाळला गेला तर २०२७ मध्ये त्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, जेमतेम पाच आठवड्यांसाठी. धीराचे फळ ते हेच असेल, तर दोष खालच्या पिढीत शोधण्यात अर्थ नाही. शिवाय वकिलांचे वजन आपोआप वाढत नाही. मोठे खटले सरकार देते, सरकारी वकिलांच्या याद्या सरकार ठरवते, आणि आजवर देशाच्या महान्यायवादीपदी एकही महिला नेमली गेलेली नाही. न्यायवृंदाकडे बोट दाखवणाऱ्या मंत्र्यांना या याद्या सुधारायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

न्यायवृंद मोडून निवड सरकारच्या हाती द्यावी, असा याचा अर्थ नाही. सत्तेला हवे ते न्यायाधीश मिळण्याचा धोका खरा आहे. निवडीचे निकष मात्र आधी जाहीर करता येतील, इच्छुकांकडून अर्ज मागवता येतील. नाकारलेल्या वकिलांची बदनामी होईल, म्हणून चर्चा गुप्त राहावी असे सांगितले जाते. ते रास्तही आहे. पण प्रत्येक उच्च न्यायालयाने वर्षभरात किती नावांचा विचार केला, त्यांत महिला किती, दलित-आदिवासी किती आणि त्यांतल्या कितींची शिफारस झाली, हे आकडे सांगायला कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही.