‘गप्पा’ कुणाच्या?

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आला की ‘मराठीतून हद्दपार करायचे परकीय शब्द’ अशी एक यादी मोबाईलवर फिरू लागते. यंदाच्या यादीत ‘गप्पा’ होता. त्याऐवजी म्हणे ‘वार्तालाप’ म्हणावं. ‘हद्दपार’मधली ‘हद्द’ अरबी आहे हे यादी करणाऱ्याच्या गावीही नसावं. असो. ज्याला कट्ट्यावर बसून वार्तालाप करायचा असेल त्याने खुशाल करावा.

फारसीत ‘गप’ म्हणजे बोलणं. काबूलकडे आजही ‘गप जदन’ म्हणजे साधं बोलणं. त्यात रिकामटेकडेपणाचा वाससुद्धा नाही. आणि ‘जदन’ म्हणजे मारणं! मराठी माणूस गप्पा करत नाही, मारतो, हे विसरू नका. उर्दूत मात्र गप थोडी घसरली. तिथे ‘गप’ म्हणजे थाप, आणि मोकळ्या बोलण्याला ‘गपशप’. मराठीने दोन्ही अर्थ ठेवून घेतले. ‘ये गप्पा मारायला’ यात माया आहे, ‘उगाच गप्पा हाणू नकोस’ यात दटावणी.

काही जण ‘गप’ला संस्कृत ‘जल्प’शी जोडतात, बंगालीतल्या ‘गल्प’चा हवाला देतात. मला त्याचं वावडं नाही. पण न्यायदर्शनात जल्प म्हणजे काय तेही बघावं. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडून काढायचं ती वितंडा. यादीवाले कुठे बसतात ते त्यांनीच ठरवावं.

ते राज्यव्यवहारकोशाचा दाखला देतात. शिवाजी महाराजांनी तो राज्यकारभारासाठी करवून घेतला होता, ओसरीवरच्या बोलण्यावर पहारा बसवायला नव्हे. माधव जूलियनही पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, पण त्याआधी १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश आला होता. काय काढायचं ते त्यांना निदान ठाऊक तरी होतं.

आपल्याकडचेही काही मागे नाहीत. ‘बघा, गप्पासुद्धा आमचीच, मराठीकडे स्वतःचं आहे काय?’ असं छाती फुगवून सांगणारे भेटतात. आमची म्हणजे कुणाची? कोकणातल्या, मराठवाड्यातल्या आपल्या आज्या फारसी शिकायला गेल्या होत्या कुठे? त्यांच्या तोंडी हा शब्द इथल्या ओटीवरून, इथल्या बाजारातून आला. फारसीत नामाला लिंग नसतं. मराठीने गप्पेला स्त्रीलिंग दिलं, तिचं अनेकवचन केलं, तिला छाटलं, ठोकलं, तिचा फड रंगवला. एवढं केल्यावरही ती पाहुणी कशी? आणि हेच लोक पोराला मराठी पास होण्यापुरती पुरे म्हणतात, मग तलाठ्याकडे अर्ज लिहायची वेळ आली की माझ्याकडे धाडतात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. यंदा सातवीतल्या एका मुलीने मराठीच्या तासाला विचारलं, “सर, हा शब्द आपला की त्यांचा?” तिच्या घरी दोन्हीकडचे संदेश पोहोचलेत, हे उघड आहे. मी फळ्यावर ‘गप्पिष्ट’ आणि ‘गप्पाष्टक’ लिहिलं. फारसी गपेला संस्कृताचं ‘अष्टक’ जोडलेलं. म्हटलं, यातलं आपलं किती आणि त्यांचं किती, ते खडूने वेगळं करून दाखव.

ती बराच वेळ फळ्याजवळ उभी होती.