स्मूदीचा धंदा करायचाय? ब्लेंडर शेवटी घ्या

घरून स्मूदी विकायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, ब्लेंडर कोणता घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. पहिले शंभर ग्लास विकेपर्यंत कोणताच घेऊ नका. घरातला मिक्सर पुसून घ्या आणि सुरुवात करा.

आधी हिशोब बघू. समजा मशीन २५ हजारांचं आणि ग्लासमागे २० रुपये सुटतात. मशीनचे पैसे निघायला १,२५० ग्लास लागले. शनिवार-रविवार मिळून ४० ग्लास गेले, तरी ३१ आठवडे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद, जंजिऱ्याच्या होड्या बंद. म्हणजे अख्खा सीझन तुम्ही मशीनसाठी राबलात, घरात काय आलं? त्यात ते हप्त्यावर असेल तर पावसाळ्यात हप्ता थांबत नाही.

आपल्या मिक्सरला कमी समजू नका. परदेशी यंत्रं आपल्या सुक्या मसाल्यापुढे दम टाकायची. माधुरी माथुर यांचं जर्मन मिक्सर असंच बंद पडलं, म्हणून त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी दणकट मोटरचा मिक्सर बनवला. १९६३ चा तोच आपला 'सुमीत'. जे भांडं सुकं खोबरं वाटतं, त्याला केळं-आंबा जड नाही. फक्त पद्धत पाळा:

- आधी दूध किंवा दही, वर फळाचे छोटे तुकडे. भांडं अर्धंच भरा.
- बर्फाऐवजी गोठवलेलं केळं किंवा आंबा टाका. चव पातळ होत नाही, पातंही टिकतं.
- थांबून थांबून फिरवा. मोटर गरम झाली की विश्रांती द्या.

विजेची भीती नको. ७५० वॅटचा मिक्सर ग्लासमागे एक मिनिट चालला, तर एका युनिटमध्ये ८० ग्लास होतात.

मग पैसा कुठे घालायचा? फ्रीझरमध्ये. हापूस मे महिन्यात मिळतो, पण दिवाळी आणि नाताळची गर्दी येते तेव्हा कुठे असतो? एका ग्लासाला लागेल तेवढ्या गराची छोटी पाकिटं गोठवा. पण जपून! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सगळं भांडवल फ्रीझरमध्ये अडकवू नका. वितळलेला गर पुन्हा गोठवून तर अजिबात विकू नका. गिऱ्हाईक एकदाच फसतं.

मोठं मशीन कधी घ्यायचं? मिक्सरचा ओव्हरलोड स्विच रोज उडायला लागला आणि गिऱ्हाईक थांबून कंटाळून परत जायला लागलं, तेव्हा. घेताना वॅट नंतर विचारा. आधी हे विचारा: दुरुस्ती अलिबागला किंवा पनवेलला होते का? जादा भांडं, वॉशर, कपलर सुटं मिळतं का? आणि धंद्याच्या वापराला वॉरंटी आहे का? घरगुती मशीनला ती सहसा नसते.

विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी मात्र करून घ्या. ते काम पुढे ढकलायचं नाही.

लक्षात ठेवा, मशीन गिऱ्हाईक आणत नाही, गिऱ्हाईक मशीन आणतं. या रविवारी दहा ग्लास विका आणि खर्च-विक्री वहीत लिहा. ब्लेंडरचं उत्तर त्या वहीतच सापडेल.