उपग्रहानं मोजलं म्हणजे देवानं मोजलं का?

मंडळी, जरा लांब लिहितोय, पण वाचा.

आपल्या लोहाऱ्यात रस्ता असो, नाली असो की लेआउट, आता तिवईवर एक यंत्र उभं राहतं, एक पोरगा काठी घेऊन फिरतो आणि अर्ध्या तासात कुणाच्या तरी कुंपणाच्या आत चुना पडतो. विचारलं की ठरलेलं उत्तर: "काका, उपग्रहावरून मोजलंय. मशीन खोटं बोलत नाही." अन् आपण गप्प.

नसेल बोलत खोटं. पण त्याला जे सांगाल तेच खरं धरून ते चालतं.

तिवईवरचा तो बेस, काठीवरचा रोव्हर. नुसत्या उपग्रहावर जागा काढली तर काही मीटरची चूक सहज येते. म्हणून बेस अशा खांबावर लावायचा, ज्याचे अक्षांश-रेखांश आधीच पक्के आहेत. तो चूक मोजून रोव्हरला कळवतो, तेव्हा कुठे अचूकता दोन-तीन सेंटीमीटरवर येते. घाईत काय होतं? बेस दिसेल त्या मोकळ्या जागेत ठेवायचा, बटण दाबायचं, मशीन अंदाजानं दाखवेल ती जागा खरी मानायची. मग लांबी बरोबर, कोपरे बरोबर, फक्त अख्खा नकाशाच मीटर-दोन मीटर सरकलेला! दोन मीटर म्हणजे शेतात कपाशीची दोन तासं, गावात संडास-बाथरूमची जागा. दुसऱ्या दिवशी बेस दुसरीकडे लावला की कालचा चुना आजच्याशी जुळत नाही, आणि चकरा मारायच्या घरमालकानं.

"जवळ पॉइंटच नाही" ही सबबही आता चालत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागानं महाराष्ट्रात 77 कॉर्स स्टेशनं उभारली आहेत. म्हणजे कायम चालू असलेले बेसच. रोव्हरला मोबाइलचं नेट असलं की दुरुस्ती तिथून येते. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेसारख्या मोठ्या कामात कंट्रोल पॉइंटचे खांब आधी, रूळ नंतर. वॉर्डातली नाली मात्र अंदाजपंचे.

नालीचं तर आणखी वेगळं. या यंत्राची उंची आडव्या मापापेक्षा कमी भरवशाची. त्यात मध्येच काठी 20 सेंटीमीटर वाढवली आणि मशीनमधला आकडा तोच ठेवला, तर लेव्हल तेवढीच गेली. 1:200 उताराच्या नालीत 40 मीटरची सगळी उतरणच 20 सेंटीमीटर असते. पाणी मग उलटं, तुमच्या अंगणात. ऑटो लेव्हल लावून तपासायला कुणाच्या बापाचं काय जातं?

यंत्र बंद करा असं मी म्हणत नाही. साखळीच्या मोजणीत काय काय चालायचं ते जुन्या माणसांना विचारा. माझं म्हणणं असं की कामाच्या फलकावर रक्कम आणि ठेकेदाराचं नाव लिहिता, तसाच बेसचा पॉइंट आणि त्याचे आकडेही लिहा. चुना मारण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांसमोर रोव्हर ओळखीच्या खांबावर ठेवून आकडे जुळवून दाखवा. आणि हद्द ठरवायचं काम भूमिअभिलेखचं आहे, ठेकेदाराच्या सर्व्हेअरचं नाही, हेही त्या पोराला कुणीतरी सांगा.

तुमच्या दारात चुना पडला तर भांडू नका, भाऊ. बेस कुठे लावला, त्याचे आकडे कुठून आणले, स्क्रीनवर 'फिक्स' आहे की 'फ्लोट', एवढं विचारा. फ्लोट असेल तर तो खुणा मारायचा आकडाच नव्हे. उत्तर मिळालं नाही तर स्क्रीनचा फोटो काढून मला इनबॉक्स करा, तारीख आणि वॉर्ड टाकून.