फी लिहायला लाज कसली?

कुठल्याही तालुक्याच्या गावात एस. टी. स्टँडवरून बाजारपेठेकडे चालत निघालात, की एखाद्या जिन्याच्या कठड्याला बांधलेला फ्लेक्स हमखास दिसतो. 'भरतनाट्यम् व कथक क्लास. प्रवेश सुरू.' खाली मोबाइल नंबर आणि इंटरनेटवरून उचललेला कुणा भलत्याच नर्तिकेचा फोटो. शिकवणाऱ्या बाई कोण, त्या कुणाकडे शिकल्या, वर्ग कधी भरतो, पैसे किती, काही म्हणजे काही नाही. आता यातल्या काही जणी वेबसाइटही करून घेतात. चांगलं आहे. पण होतं काय, तोच फ्लेक्स उचलून तिकडे नेऊन चिकटवला जातो. सरकणारी चित्रं, आपोआप वाजायला लागणारं गाणं आणि इंग्रजीत दोन परिच्छेद. ते बाईंनी लिहिलेले नसतात आणि ज्या आईने वाचायचे तिला कळत नसतात. एका भरतनाट्यम् वर्गाच्या पानावर मी चक्क ओडिसी नर्तिकेचा फोटो पाहिला आहे! डोक्यावरच्या त्या पांढऱ्या मुकुटावरून जाणकाराला लगेच कळतं की. मग बाईंच्या ज्ञानाबद्दल त्याने काय समजायचं?

आमच्या गावातल्या भरतनाट्यम् शिकवणाऱ्या ताईंची वेबसाइट गेल्या वर्षी झाली. मी काही त्यातली तज्ज्ञ नव्हे, मराठी घेऊन बी. ए. झालेली गृहिणी. पण बचत गटाच्या कामामुळे एक गोष्ट मला चांगली ठाऊक आहे. बायकांना स्वतःच्या कामाबद्दल चार ओळी लिहायला सांगा, त्या कशा अडतात बघा. म्हणून मजकुरासाठी ताईंनी मला बोलावलं. तांत्रिक भाग भाच्याने सांभाळला, तो इंजिनीअरिंगला आहे.

ताई विशारद आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ज्यांना माहीत आहेत त्यांना हे काय प्रकरण आहे ते सांगायला नको. प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, विशारदच्या दोन, अशा सात पायऱ्या. वर्षाला एक म्हटली तरी सात वर्षं गेली. आणि बाईंनी स्वतःबद्दल लिहून काय आणलं? 'लहानपणापासून नृत्याची आवड. लग्नानंतर घर सांभाळून छंद जोपासला.' मी म्हटलं, "ताई, तुमच्या समोरच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'वैद्यकीची आवड' असं लिहिलंय का हो?" त्या हसल्या. पण तो 'छंद' शब्द खोडायला त्यांचा हात काही धजेना. घरचे काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील! पुण्यात रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती सुरू केली ती १९४७ साली. चांगल्या घरच्या मुलीने नाचायचं ही कल्पनाच तेव्हा लोकांच्या पचनी पडत नव्हती. आज मुलीला नाचाच्या वर्गाला घालणं प्रतिष्ठेचं झालं, पण शिकवणारीने आपल्या कामाला 'काम' म्हणणं अजून जड जातंय.

वेबसाइटची रचना म्हटली की आपण रंग, अक्षरं, चित्रं यांचा विचार करतो. तो भाग भाच्याने दोन संध्याकाळी उरकला. आम्ही अडलो ते फीच्या ओळीवर, आणि माझ्या मते अशा वेबसाइटचा सगळा जीव त्याच ओळीत आहे.

ताईंचं म्हणणं, 'फीसाठी संपर्क साधा' एवढंच लिहू. आकडा लिहिला तर लोक इतरांशी तुलना करतील, घासाघीस करतील, आणि विद्येचा बाजार मांडला असंही म्हणतील. मला हे मुळीच पटलं नाही. अहो, सोनार मजुरी सांगतो, शिकवणीचे सर बाकावर बसायच्या आधी हप्ते सांगतात, तिथे कुणाला बाजार दिसत नाही. बाईने घरातल्या हॉलमध्ये सतरंजी गुंडाळून वर्ग घेतला की मात्र ती सेवा! दोन दोन महिने फी थकते, 'ताई, पुढच्या महिन्यात एकदम देते' म्हणतात, आणि ताई मागत नाहीत. का, तर आकडा कुठे लिहिलेलाच नाही, सगळं तोंडी.

दुसरी बाजू मी वस्तीत काम करताना पाहते. कारखान्यात जाणारी आई फोन करून 'फी किती' असं विचारत नाही. आकडा कळला आणि परवडला नाही तर 'नको' म्हणायचं कसं, ही तिला भीती. म्हणून ती मनातल्या मनातच 'आपल्यातलं नाही हे' म्हणून मोकळी होते. पानावर आकडा असेल तर ती घरी बसून, कुणासमोर मान खाली न घालता हिशोब मांडू शकते.

आणि हिशोब महिन्याच्या फीचा नसतोच नुसता. सरावाची साडी, घुंगरू, परीक्षेचा फॉर्म, केंद्र दुसऱ्या गावी असलं तर जाण्यायेण्याचा खर्च, स्नेहसंमेलनाला भाड्याचा पोशाख आणि मेकअपवाली. हे सगळं एकेक करून वर्षभर आदळलं की नवरा म्हणतो, 'बंद कर तो नाच.' मुलगी तिसऱ्या परीक्षेपर्यंत आलेली असते. म्हणून आम्ही वर्षभराचा अंदाज लिहिला. कोणता खर्च ऐच्छिक तेही लिहिलं. एका घरातल्या दुसऱ्या मुलीला निम्मी फी, हेही. ताईंच्या यजमानांना आकडे जाहीर केलेले आवडले नाहीत, अजूनही आवडत नाहीत. पण थकबाकीची वही आता बरीच पातळ झाली आहे.

बाकीचा मजकूर साधा ठेवला. वार, वेळ, किती वर्षांच्या मुलीला घेतात, पत्ता आणि त्याला ओळखीची खूण. बहुतेक आया हे सगळं मोबाइलवरच बघतात, तेव्हा पहिल्या पडद्यावर एवढं दिसलं पाहिजे. जड व्हिडिओ तिथे ठेवलेच नाहीत. दहावीला नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्याबद्दल पालक फार विचारतात. त्याचे नियम बदलतात, म्हणून आकडा न टाकता 'शाळेत खात्री करून घ्या' असं लिहिलं. मराठी आधी, इंग्रजी खाली. 'हे तर साऊथचं, आपलं काय त्यात' असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांच्यासाठी ताईंनी एक परिच्छेद स्वतः लिहिला. तंजावरच्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या आणि मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्या अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या, ही गोष्ट त्यात आहे. मला तर हा सगळ्या पानावरचा सर्वांत वाचनीय भाग वाटतो.

फोटोंच्या बाबतीत मात्र मी हट्टाला पेटले. सजलेल्या बारा वर्षांच्या मुलीचा जवळून काढलेला फोटो, खाली पूर्ण नाव आणि शाळा, हे मला मान्य नाही. आईवडिलांना कौतुक वाटतं हे खरं, पण तो फोटो कोण कुठे नेऊन काय करेल याचा भरवसा नाही. आपल्याकडे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. आम्ही लेखी संमती घेतलीच, शिवाय नावं टाकली नाहीत. घुंगरू बांधलेले पाय, मुद्रा धरलेले हात, पाठमोऱ्या रांगेतल्या मुली. ताईंचा स्वतःचा फोटो मात्र मोठा, समोरून, अरमंडीत बसलेला. त्या म्हणत होत्या, "या वयात माझा कशाला?" मग काय ओडिसीवाल्या बाईंचा टाकायचा?

मैत्रिणींनो, आणखी एक. वेबसाइटचं नाव स्वतःच्या नावावर नोंदवा, स्वतःच्या ई-मेलवरून, आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत ठेवा. ताईंना आधी एका ओळखीच्या माणसाने 'फुकट' करून दिली होती. नाव त्याने स्वतःच्या खात्यावर घेतलं. पुढे त्याचं दुकान बंद झालं आणि ताईंच्या वर्गाच्या नावाची चावी त्याच्याकडेच राहिली. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च येतो, एका भाड्याच्या पोशाखाएवढा. 'आम्ही इन्स्टाग्रामवर आहोत, पुरे' म्हणणाऱ्यांना मी टिकटॉकची आठवण करून देते. २०२० च्या जूनअखेरीस त्यावर बंदी आली आणि कितीतरी नाचणाऱ्या बायकापोरींनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. ते भाड्याचं घर होतं. तिथे जरूर राहावं, पण पाटी आपल्या दारावर असू द्यावी.

पान तयार झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. 'जून २०१९ चे प्रवेश सुरू' असं अजून मिरवणारी पानं मी पाहिली आहेत. वर्ग चालू आहे की बंद, हेच त्यावरून कळत नाही. भाच्याने ताईंना मोबाइलवरून वेळा बदलायला शिकवलं. गणपतीतली सुट्टी यंदा त्यांनी स्वतः टाकली, आणि त्याच बैठकीत जानेवारीपासूनची वाढीव फीसुद्धा. मला विचारलंही नाही.