उरलेल्या तेलाचे काय?

संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपल्या प्राध्यापकांपैकी अनेकांचे मत आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. तथापि ‘सॅटिस्फॅक्टरी’ या खेळाने मला जो प्रश्न विचारला, तो अद्याप एकाही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही.

हा स्वीडनमध्ये तयार झालेला खेळ २०१९ मध्ये अपुऱ्या रूपात आला आणि २०२४ मध्ये पूर्ण झाला. परग्रहावर उतरायचे आणि कारखाने उभारायचे, एवढेच त्याचे कथानक. प्लॅस्टिक हवे असेल तर शुद्धीकरण-यंत्रात मिनिटाला ३० घनमीटर कच्चे तेल घालावे लागते. त्यातून प्लॅस्टिकचे २० नग निघतात. पण त्याबरोबर १० घनमीटर जड तेलही उरते. ते कोणी मागितलेले नसते. नवखा खेळाडू तिकडे लक्ष देत नाही. काही वेळाने ते तुंबते आणि सारे यंत्रच बंद पडते! मग त्या तेलाची सोय लावणे भाग पडते. अशा ६० घनमीटर तेलापासून ४० घनमीटर इंधन होते, किंवा ४० घनमीटरपासून कोकचे १२० नग. इंधनावर वीज निर्माण होते. नको असलेलेच कामाला येते.

इतिहासात मात्र असे यंत्र थांबले नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खनिज तेल शुद्ध करीत ते दिव्याच्या रॉकेलसाठी. पेट्रोल हा निरुपयोगी भाग; तो पुष्कळदा नदीत सोडून देत. मोटारी आल्या तेव्हा कुठे त्याला किंमत आली. उलट, तेलविहिरींच्या सळ्यांना चिकटणारे मेण रॉबर्ट चेसब्रो याने टाकाऊ मानले नाही. त्यातून निघालेल्या व्हॅसलीनचे पेटंट त्याने १८७२ मध्ये घेतले.

नदी तक्रार करीत नाही, म्हणूनच कारखाने निर्धास्त चालतात. खेळात जड तेल सोडून द्यायला नदीच नाही. हा त्याचा मोठा गुण. पण त्याचा धडा अर्धाच आहे. त्या इंधनाच्या धुराने तिथे कोणाचीही छाती भरून येत नाही.

लोणी कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी आपल्या घरांत साखर घालून मुलांना देतात. उरलेल्याचा हिशेब ठेवणे ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. उत्पादनाचे आकडे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कारखानदार असो वा सरकार, आपण एवढेच विचारावे: उरलेले कुठे गेले?