आधी चढण्याचा मान

विमानात इतरांच्या आधी चढू देण्याबद्दल निराळे पैसे घ्यावयाचे, ही रीत आता आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. ती अशी मुकाट्याने चालू द्यावी, असे आम्हांस वाटत नाही. 'प्रायॉरिटी बोर्डिंग' या नावाखाली जो माल विकला जातो तो बहुतांशी माल नव्हेच. आणि जेवढा आहे तेवढा विकण्याचा विकणाऱ्यास अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. गेल्या चतुर्थीच्या आधी आम्ही घरच्या मंडळींसह मालवणास जाण्याकरिता मुंबईहून मोपाच्या विमानाने निघालो. बरोबर आमच्या आत्याबाई होत्या. वय ८१, हातात काठी. दाराशी दोन रांगा लागल्या होत्या. आत्याबाईंस आधी जाऊ द्यावे अशी आम्ही विनंती केली, तेव्हा 'प्रायॉरिटीची मंडळी जाऊ देत, मग पाहू' असे उत्तर मोठ्या नम्रतेने मिळाले. कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. धडधाकट तरुण गृहस्थांची एक तुकडी आमच्यादेखत पुढे गेली. आणि गेली कोठे? तर खाली उभ्या असलेल्या बसमध्ये! आधी गेल्यामुळे ते गृहस्थ बसच्या पार आत दाटले गेले. आम्ही मागाहून चढलो ते दाराशीच उभे राहिलो. विमानापाशी दार उघडताच साहजिकच प्रथम आम्ही उतरलो, आणि आत्याबाई एकेक पायरी मोजीत शिडी चढेपर्यंत पैसे भरलेली ती सारी मंडळी उन्हात तिष्ठत राहिली. आसनावर टेकल्यावर आत्याबाईंनी विचारले, "मगे तेंका आदी कित्याक सोडल्यानी?" या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हते, आणि ते कंपनीजवळ असेल असेही वाटत नाही.

आधी चढण्याची घाई म्हणजे काय, हे मालवणच्या माणसास कोणी शिकवावयास नको. मुंबईची आगबोट धक्क्यास न लागता समुद्रात नांगरून राही आणि उतारूंनी पडावात बसून तिच्यापर्यंत जावे लागे, तो काळ आमच्या वडील पिढीने पाहिला आहे. परंतु त्या घाईस अर्थ होता. डेकवर कोणाची जागा ठरलेली नसे. आधी चढेल तो आडोसा पाहून वळकटी पसरी, आणि मागून येणारा रात्रभर वाऱ्यात बसे. एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाराही, शिष्टाचारास सोडून का होईना, काही तरी मिळवीत असे. विमानात ज्याच्या त्याच्या आसनाचा क्रमांक कागदावर छापलेला असतो. आधी चढणाऱ्याचे विमान आधी सुटत नाही, आधी उतरतही नाही. तो मिळवितो काय? अरुंद खुर्चीत अर्धा तास अधिक बसणे!

डोक्यावरील फळीत पिशवीस जागा मिळते, एवढा एक लाभ खरा आहे, तो आम्ही नाकारीत नाही. पण ती टंचाई उत्पन्न केली कोणी? अमेरिकेत २००८ साली मोठमोठ्या कंपन्यांनी खाली द्यावयाच्या पहिल्या पेटीवरही आकार बसविला. तेव्हापासून जो तो आपली पेटी हातात घेऊन वर चढू लागला, फळ्या भरल्या, आणि मग भरलेल्या फळीवर आधी हक्क सांगण्याचे पैसे निराळे. आधी अडचण निर्माण करावयाची आणि मग तिच्यातून सुटका विकावयाची, असा हा व्यवहार आहे. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात साधारणपणे १५ किलो सामान खाली देता येते आणि ७ किलो हातात ठेवता येते. म्हणजे ज्या अडचणीवर हा धंदा उभा आहे ती येथे तितकीशी नाहीही. तरी धंदा मात्र आला!

बरे, या रीतीने विमान लवकर भरते म्हणावे, तर तेही नाही. जेसन स्टेफेन या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्याने २००८ साली या प्रश्नाचे गणित मांडले आणि पुढे ७२ माणसे घेऊन विमानाच्या नमुन्यात प्रयोगही केला. ओळींचे गट पाडून चढविले तेव्हा जवळजवळ ७ मिनिटे लागली. वाटेल तसे चढू दिले तेव्हा ५ मिनिटांच्या आत काम झाले. आणि खिडकीकडील माणसे आधी, तीही मागून एकाआड एक ओळीने, या त्याच्या पद्धतीने साडेतीन मिनिटांच्या थोडे वर. कारण उघड आहे. वेळ जातो तो वाटेत उभे राहून पिशवी वर चढविण्यात. पैसे देणारा पुढच्या ओळीत बसणारा असला, की तो वाट अडवून उभा राहतो आणि मागचे सारे विमान थांबते.

चिपीच्या माळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गाचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले, तेव्हा आमच्या जिल्ह्यास झालेला आनंद आम्हांस आठवतो. 'उडान' योजनेतील ते विमान. म्हणजे सामान्य माणसास परवडावे म्हणून भाड्यातील तूट सार्वजनिक पैशातून भरून द्यावयाची. विमान एटीआर जातीचे, आसने ७०, चढण्याचे दार शेपटीकडे. अशा इवल्याशा विमानात अग्रक्रमाची प्रतवारी लावू पाहणाऱ्यास आमचा साष्टांग नमस्कार!

कोणी म्हणेल, हौसेस मोल नाही. ज्याला हवे तो देतो, तुमचे काय गेले? मोठी खुर्ची विकली तर आमचे काही जात नाही, कारण ती खुर्ची कोणी तरी तयार केलेली असते. रांगेतील पुढची जागा कोणी तयार करीत नाही. ती दुसऱ्याची काढूनच द्यावी लागते. आमच्या गावऱ्हाटीतही बारा-पाच मानकऱ्यांचा मान आहे, आणि त्या मानपानावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. तथापि मानकऱ्यास मानाबरोबर देवकार्याचा भार उचलावा लागतो. येथे भार फक्त पाकिटाचा.

आमची मागणी अगदी साधी आहे. वृद्ध, अपंग आणि तान्ही मुले घेतलेल्या स्त्रिया यांस प्रथम चढवावे, आणि त्यांच्या पुढे पैशाची रांग उभी करू नये. मग मागून, खिडकीकडून, इतर सर्व. फळीवरील जागा विकावयाचीच असेल तर तिच्यावर क्रमांक घालून ती उघडपणे विकावी. आणि बसने न्यावयाचे असेल त्या दिवशी तरी आधी चढण्याचे घेतलेले पैसे परत करावे.